मिठाईची पोच

१७ ऑगस्ट, रविवार

आज सकाळी जिन्यात घोषालबाबू माझ्याकडे बघून हसले.

लिहून ठेवतो, कारण हे साधं नाही. घोषालबाबू आमच्या समोरच्या घरात राहतात, इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि गेल्या दुर्गापूजेपासून त्यांनी माझ्याशी शब्द बोललेला नाही. ते एकटेच नव्हे. कोलकात्यातल्या डमडमच्या या चौमजली इमारतीत माझ्याशी कुणीच बोलत नाही. मी जिना चढू लागलो की वरून उतरणारी माणसं भिंतीवरचे विजेचे मीटर वाचू लागतात. मी सरकारी उपक्रमाच्या दक्षता विभागात केस पांढरे केले आहेत. ठेकेदार, भांडारपाल, खरेदी अधिकारी, सगळ्यांचे चेहरे वाचले आहेत. अख्खी इमारत एकदम गप्प होते तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं, एवढं मला कळतं. माझा अंदाज गच्चीवरच्या टाकीच्या कामाबद्दल आहे.

आणि आता हे हसू. म्हणजे मला गुंडाळायचं ठरलेलं दिसतं.

वृंदाला विचारलं, घोषालबाबू का हसले असतील. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "हसले? मग बरं वाटत असेल त्यांना आज." बायको म्हणून गुणी आहे, पण माणसं ओळखण्यात तिला गती नाही. साधी आहे बिचारी.

१९ ऑगस्ट

चैत्रालीशी पुन्हा वाद. माझी मुलगी सॉल्ट लेकच्या एका कॉलेजात जनसंपर्क या विषयाची पदवी घेते आहे. दुसरं वर्ष. गेल्या वर्षी जून महिन्यात माझी इथे बदली झाली तेव्हा सामान लावण्याच्या गडबडीत मी त्या प्रवेशाला हो म्हणून बसलो. तेव्हा वाटलं होतं, पत्रकारितेसारखं काहीतरी असेल. हल्ली ती जेवणाच्या टेबलावर प्रसिद्धिपत्रकं लिहिण्याचा सराव करते. कालचं पत्रक एका काल्पनिक बिस्किट कारखान्याचं होतं, जिथे आग लागली होती. तिने तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

मी म्हणालो, "आग लागली असं सरळ का लिहीत नाहीस?"

"तेच तर लिहायला शिकतेय, बाबा. पहिल्याच वाक्यात. मॅडम म्हणतात, पहिल्या वाक्यात लपवलंत तर पुढचं कुणी वाचत नाही."

हे ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या प्रत्येक कार्यालयात एक जनसंपर्क अधिकारी असतो आणि त्याला मी ओळखून आहे. छत गळत असलं की तो उद्घाटनाचे फोटो काढायला येतो. गोड बोलून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याची पदवी माझ्या घरात नको. तिला स्पष्ट सांगितलं आहे: दिवाळीपर्यंत मला पटवून दे की हे खोटं बोलायचं शिक्षण नाही. नाही पटलं तर नागपूरला विनायककाकाकडे राहायचं आणि बी.कॉम. करायचं. विनायकशी माझं बोलणंही झालं आहे.

तिचा चेहरा उतरला. पण मुलांचे चेहरे बघून निर्णय घ्यायचे नसतात.

२३ ऑगस्ट

नवी माहिती. या सेमिस्टरला प्रत्येकाने खराखुरा एक "ग्राहक" घ्यायचा आहे. असा माणूस किंवा अशी संस्था, जिचं लोकांशी बिनसलं आहे. का बिनसलं ते लोकांना विचारायचं, उपाय शोधायचा आणि वर्गापुढे मांडायचा. याच्यावर निम्मे गुण.

"तुझा ग्राहक कोण?" मी विचारलं.

"नाव सांगता येत नाही, बाबा. तुमच्याकडे तक्रारदाराचं नाव कसं गुप्त ठेवतात? तसंच."

नियम म्हणून मला हे पटलं. पण सांगताना ती माझ्याकडे न बघता आईकडे बघत होती. वृंदा डाळीतले खडे वेचत होती. तिचं लक्षच नव्हतं.

२७ ऑगस्ट

घरी गणपती बसला. दीड दिवसाचा. संध्याकाळी आरतीच्या वेळी दारात कोण, तर तिसऱ्या मजल्यावरच्या सुनीती मासिमा. ऐंशीच्या घरात असतील, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी इमारत त्यांना मासिमा, म्हणजे मावशी, म्हणते आणि घाबरतेही. वर्षभरात त्या आमच्या दारात आल्या नव्हत्या. कुणी बोलावलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही.

मोदक हातात घेऊन त्यांनी तो नीट न्याहाळला आणि मला विचारलं, "गोर्गेबाबू, ये खा लें? बाद में लौटाना तो नहीं पड़ेगा?"

गर्ग्यांचं गोर्गे होतं इथे, त्याची सवय झाली आहे. पण या वाक्याचा अर्थ काय? लौटाना म्हणजे काय परत करायचं? ताटली? चैत्राली खोकत आत निघून गेली. वृंदा मासिमांशी बंगालीत काहीतरी बोलली. वृंदाला बंगाली कधीपासून येतं? विचारलं तर म्हणाली, टीव्हीवरच्या मालिका बघून. मालिकांचा एवढा तरी उपयोग झाला.

६ सप्टेंबर

पुरावे साचत चालले आहेत. दरवान आता उठून उभा राहतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी परवा "केमोन आछेन", कसे आहात, असं विचारलं. घोषालबाबू आज हसून वर बोललेसुद्धा: "आप का नौकरी बहुत कठिन है, दादा. अब समझा." माझी नोकरी कठीण आहे हे यांना आता कुणी समजावलं? आणि कशासाठी?

चैत्राली जिन्यात लोकांशी बोलत उभी असते. मी आलो की बोलणं थांबतं. लोक तिला चैताली म्हणतात, तीही ओ देते.

घरात नारळही फार येऊ लागले आहेत. भाजीवाल्यावर नजर ठेवायला हवी.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. ऑफिसात ठेकेदारांची मिठाई आली. नेहमीप्रमाणे सगळे डबे परत, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि परत मिळाल्याची सही घेऊन पोच फाइलला. कुणाचा पेढा खाल्ला आणि मग त्याच्या निविदेवर सही करताना हात अडखळला, असं माझ्या नोकरीत एकदाही झालेलं नाही. हा नियम मी घरीही पाळतो. गेल्या वर्षी इथे येऊन चारच महिने झाले होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या पाच घरांतून मिठाईचे पाच डबे आले, एकाच संध्याकाळी. माझा हुद्दा त्यांना कळला होता, हे उघडच आहे. पाचही डबे तासाभरात दरवानाच्या हाती परत पाठवले, "स्वीकारता येत नाही, पोच द्यावी" अशा चिठ्ठीसकट. पाचही सह्या माझ्याकडे आहेत. मासिमांनी तर पूर्ण नाव आणि तारीखही घातली आहे.

त्या रात्री वृंदा जेवली नव्हती. तिला गोडाची फार आवड.

१८ सप्टेंबर

शनिवारी चैत्रालीचं वर्गापुढे सादरीकरण आहे. मला सांगितलं नाही. वृंदाच्या बोलण्यातून निसटलं. "तुम्ही मात्र मुळीच जाऊ नका," ती म्हणाली. "तिला वाटेल पाळत ठेवताय. शनिवारी साडेअकराला आहे, तुम्हाला सुट्टी असते खरी, आणि पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पाहुणे मागे बसले तर कुणी हटकतही नाही म्हणे. पण जाऊ नका."

तिला एखादी गोष्ट पोटात ठेवता येत नाही. मी जायचं ठरवलं आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

उल्टाडांग्याला उतरून रिक्षाने सॉल्ट लेक. मागच्या रांगेत बसलो. पुढे कुणीतरी उंच मुलगा होता, त्याच्याआड.

चैत्राली तिसरी होती. घरात ती मान खाली घालून बोलते. तिथे तिने मान वर करून इंग्रजीत सुरुवात केली. "माझा ग्राहक," ती म्हणाली, "अतिशय प्रामाणिक माणूस आहे. तो जिथे राहतो तिथे त्याच्याशी कुणी बोलत नाही. का, ते मी त्याच्या शेजाऱ्यांना विचारलं."

मग तिने सांगितलं. बिजोया म्हणजे काय ते त्या वर्गात सांगायची गरज नव्हती, सगळी बंगाली मुलं. देवी गेली की लोक एकमेकांच्या घरी जातात, मोठ्यांच्या पाया पडतात, मिठाई देतात, वर्षाचे रुसवे संपवतात. "माझ्या ग्राहकाने पाच घरांची बिजोयाची मिठाई परत पाठवली," ती म्हणाली, "आणि परत मिळाल्याची सही मागितली."

सगळा हॉल हसला. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"आमच्यात संक्रांतीला तिळगूळ देतात आणि म्हणतात, गोड बोला," ती म्हणाली. "समजा कुणी तो परत पाठवला, वर पोच मागितली. तसं झालं हे."

आम्ही नागपूरला असताना माझी आई संक्रांतीला मला तिळगूळ घेऊन अख्ख्या गल्लीत पाठवायची. ज्यांच्याशी भांडण असेल त्यांच्याकडे आधी. हे मला तिथे बसल्याबसल्या आठवलं आणि माझे कान तापले. टाकीचं काम, गच्ची, सेक्रेटरी, वर्षभर मी काय काय रचत बसलो होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

मुलं अजून हसत होती. चैत्राली म्हणाली, "हसू नका. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. पण घरात आम्हाला त्यांची भीती वाटते."

तिच्या मॅडम पुढच्या रांगेत होत्या. बारीक चणीच्या, आवाज ठणठणीत. त्यांनी विचारलं, "उपाय काय केलास?"

"शेजाऱ्यांना एकच खरी गोष्ट सांगितली, की त्यांच्या नोकरीत डबा घेणं म्हणजे गुन्हा. त्यांनी अपमान करायला परत केला नव्हता. लोकांना पटलं. आता बोलतात."

"आणि ग्राहकाला काय सांगितलंस?"

"काही नाही."

"आम्हाला त्यांची भीती वाटते, असं म्हणालीस. ग्राहक तुझे वडील आहेत?"

चैत्रालीने घरात घालते तशी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "माणसाच्या नकळत त्याच्या भोवतीचे लोक फिरवायचे, याला जनसंपर्क म्हणत नाहीत, कारस्थान म्हणतात. मग तो हेतू कितीही चांगला असो. पूजेची सुट्टी संपेपर्यंत त्यांना सगळं सांग आणि त्यांची संमती आण. नाहीतर हा प्रकल्प बाद आणि निम्मे गुण गेले."

टाळ्या वाजायच्या आत मी बाहेर पडलो. त्या मॅडमना आमच्या विभागात घेतलं असतं मी. खोटं बोलायला शिकवतात म्हणत होतो, आणि त्यांनी माझ्याच मुलीला माझ्याच बाजूने झापलं.

पण भीती? मी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही. वृंदावर आवाजसुद्धा चढवत नाही. फक्त विचारतो.

२६ सप्टेंबर

चैत्रालीने अजून विचारलेलं नाही. रोज वाट बघतो. आज ती माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. मी वर्तमानपत्र खाली केलं. "आतलं पान हवं होतं," म्हणाली आणि घेऊन गेली.

मीच बोलू शकलो असतो. पण मागल्या रांगेत लपून ऐकलं हे कसं सांगणार? आणि अर्जदाराने आपण होऊन यावं, ही पद्धत आहे.

ती गुण घालवेल पण विचारणार नाही, असं दिसतं. गुण गेले की मी नागपूरला पाठवणार, हे तिला माहीत आहे. तरीही.

३० सप्टेंबर, अष्टमी

खालच्या मंडपात पुष्पांजलीला सगळी इमारत. वृंदाही गेली, लाल काठाची पांढरी साडी नेसून. साडी कुठून आली विचारलं तर "होती," म्हणाली. बायकांकडे काय काय असतं.

२ ऑक्टोबर, दशमी

विसर्जन. वृंदा मंडपातून आली ती दोन्ही गाल सिंदुराने लाल, इमारतीतल्या सगळ्या बायकांसारखे. गर्दीत लागलं असणार. पुसून घे म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे." खूप दिवसांनी गुणगुणत होती.

३ ऑक्टोबर

सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या खोलीत बसलो. या वर्षी कुणी आलं तर डबा ठेवून घ्यायचा, असं पक्कं ठरवलं होतं. नियमावली पुन्हा काढून वाचली. त्यात ठेकेदार आहेत, पुरवठादार आहेत, शेजारी नाहीत.

दुपार झाली. समोर घोषालबाबूंची घंटा सारखी वाजत होती. जिन्यातून हसणं, पावलं, "शुभो बिजोया". सगळी पावलं आमच्या दारावरून पुढे गेली. मी दोनदा दार उघडून बघितलं, घंटा बिघडली आहे का. वाजत होती.

चहाच्या वेळेपर्यंत माझा संशय पक्का झाला, की हे ठरवून चाललं आहे. चैत्राली असती तर तिला विचारलं असतं, पण ती सकाळपासून बराकपूरला मैत्रिणीकडे गेलेली. वृंदाला म्हणालो, "बघ, हसणं वगैरे सगळं वरवरचं होतं. कुणी आलं नाही."

ती म्हणाली, "येतील कसे? गेल्या वर्षी आले ते परत गेले. शिवाय मासिमा वयाने मोठ्या. लहानांनीच वर जायची पद्धत आहे. तुम्ही मात्र मुळीच जाऊ नका. तुम्हाला कुठे जमणार आहे पाया पडणं वगैरे."

का जमणार नाही? मी उठलो. दाराशी चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवल्या होत्या आणि चपलांच्या कपाटावर नारळाच्या लाडवांचा डबा होता, झाकणाला लाल दोरा बांधलेला. वृंदाने कशासाठी केला होता कोण जाणे. तोच उचलला.

दोन मजले चढताना चार वेळा परत फिरावंसं वाटलं. काय बोलायचं ते हिंदीत जुळवत होतो. मासिमांनी दार उघडलं आणि जुळवलेलं सगळं गेलं. वाकून पाया पडलो आणि डबा पुढे केला.

त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग एक हात मोकळा करून, पेन मागतात तसा माझ्यापुढे धरला.

"सही कहाँ करना है?"

आतून कुणीतरी हसलं. घोषालबाबूंचा आवाज. मला हसू आलं नाही. हिंदीही आठवेना. मराठीतच म्हणालो, "सही नको, मासिमा. ठेवून घ्या."

त्यांना काय कळलं माहीत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला नाही. आई गेल्यानंतर असा हात कुणी ठेवला नव्हता. मी खाली जमिनीकडे बघत उभा राहिलो, कारण वर बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

आत पाचही घरांची माणसं होती. घोषालबाबूंनी तीनदा गळाभेट घेतली, इकडून, तिकडून, पुन्हा इकडून. मी लाडू खाल्ले, निमकी म्हणजे खाऱ्या शंकरपाळ्या खाल्ल्या, संदेश खाल्ले. टाकीच्या कामाबद्दल विचारलं नाही.

४ ऑक्टोबर

सकाळी चैत्राली बराकपूरहून आली. तिची बॅग खाली ठेवून व्हायच्या आत म्हणालो, "तुझ्या मॅडमना कळव, ग्राहकाची संमती आहे."

ती म्हणाली, "कोणता ग्राहक, बाबा?"

"उंच मुलाच्या मागे बसला होता तो."

ती रडू लागली. मग हसली. मला वाटलं होतं मी कोरडा राहीन, पण नाही जमलं. तिला म्हणालो, "एक अट आहे. पुढच्या वेळी भीती वाटली तर वर्गाला सांगण्याआधी मला सांगायचं." ती म्हणाली, "प्रयत्न करीन." हो म्हणाली नाही. खरं बोलायला शिकली आहे.

विनायकला फोन करून सांगितलं, चैत्राली येत नाही, इथलं शिक्षण चांगलं आहे. तो म्हणाला, "दादा, तुला कुणी पटवलं?" मी म्हणालो, मला कुणी पटवत नाही, मी स्वतः जाऊन खात्री केली.

एक मुद्दा राहिला. काल मी वर गेलो तेव्हा मासिमांकडे सगळे जमलेले होते आणि चहाचा एक कप जास्तीचा मांडलेला होता, बिनसाखरेचा. म्हणजे मी येणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मलाच ते जिना चढेपर्यंत ठाऊक नव्हतं. चैत्राली बराकपूरला होती, त्यामुळे ती सुटली. दरवान कालपासून गावी गेलेला. घोषालबाबूंना माझा चहा बिनसाखरेचा असतो हे कळायचं कारण नाही.

वृंदाला विचारलं, कुणी सांगितलं असेल? ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय माहीत? मी कुठे बाहेर जाते?"

तेही खरंच. तिला यातलं काय कळणार आहे.